राहा म्हणतात, पण नाव लावू नको म्हणतात

त्रिमूर्तीनगरहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते.

"आमची मुलगी नोकरीच्या व्हिसावर फ्रँकफर्टला गेली, त्याला नऊ दिवस झाले. ह्यांच्या बँकेतल्या मित्राचा मुलगा तिथे बरीच वर्षं आहे. त्याच्या भाड्याच्या घरात एक खोली रिकामी होती, ती त्याने हिला दिली. महिन्याला साडेचारशे युरो घेतो. ओळखीचं घर मिळालं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आता मुलगी म्हणते की दोन आठवड्यांच्या आत सरकारी ऑफिसात पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही लागते. हा मुलगा सही द्यायला तयार नाही. 'घरमालकाला कळलं तर भानगड होईल, तीन महिने तसंही चालतं, दुसरी खोली मिळाली की तिथे कर,' असं म्हणतो. मुलगी रोज रडवेल्या आवाजात फोन करते. हे म्हणतात, 'काऊन एवढी घाबरून राहिली? वकिलातीच्या साइटवर नाव टाकलं ना, झालं. पोलिस थोडीच दारात येऊन राहिले!' ह्यांच्या बायपासच्या वेळी ह्याच मित्राने रात्री-रात्री दवाखान्यात काढल्या आहेत. त्यांच्या मुलाला आम्ही कोणत्या तोंडाने बोलावं? अर्जात धर्मही विचारतात म्हणे, तिथे काय लिहायचं? आणि आम्ही दोघं मे महिन्यात दोन महिन्यांसाठी जाणार आहोत, आम्हालाही हे सगळं करावं लागेल का?"

ताई, निकडीचं तेवढं तुम्हाला ईमेलने आधीच कळवलं आहे. नागपुरातून जर्मनीला जाणारी मुलं आता घरटी नाही तरी गल्लीटी निघतात, म्हणून बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते.

तुमची मुलगी बरोबर आहे. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या गावाच्या नोंदणी कार्यालयात नाव आणि पत्ता नोंदवावा लागतो. तिकडची आपली मुलं त्याला 'आनमेल्डुंग'च म्हणतात. 1 नोव्हेंबर 2015 पासून त्यासाठी देशभर एकच कायदा आहे, आणि उशीर झाला तर 1000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. दिवस मोजायचे ते विमान उतरल्यापासून नव्हे, घरात राहायला लागल्यापासून. तुमच्या पत्रावरून ती थेट त्याच घरी गेलेली दिसते, म्हणजे पत्र लिहिलंत तेव्हा हातात पाच दिवस होते.

तुमच्या ह्यांचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे आधारवर महालचा पत्ता असतो, रेशनकार्डावर सासरचा, गॅसच्या पुस्तकावर तिसराच, आणि माणूस राहतो मनीषनगरला. वर्षानुवर्षं कुणाचं काही अडत नाही. त्यामुळे पत्ता ही सवडीने दुरुस्त करायची गोष्ट आहे, असं आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं. जर्मनीत उलटं आहे. तिथे माणसाचा चालू पत्ता आधी नगरपालिकेकडे नोंदला जातो आणि बाकीची खाती तिथून पुढे हलतात. आणि हे परदेशी लोकांवर संशय म्हणून केलेलं नाही. फ्रँकफर्टमध्येच जन्मलेला जर्मन माणूस शेजारच्या गल्लीत राहायला गेला, तरी त्यालाही दोन आठवड्यांत हेच करावं लागतं. उलट आपण फक्त परदेशी माणसालाच हे करायला लावतो: 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर भारतात आलेल्या पाहुण्याला 14 दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. मेडिकलला किंवा व्हीएनआयटीत शिकायला आलेला परदेशी मुलगा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाला, तर तुमचे हेच त्याला चार शब्द सुनावतील की नाही?

वकिलातीचं म्हणाल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव टाकलं ते चांगलंच केलं. अडीअडचणीला आपल्या लोकांना तिचा ठावठिकाणा कळावा, एवढ्यासाठी ते आहे. जर्मन नगरपालिकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

आता पोलिस दारात येणार नाहीत, हे त्यांचं खरं आहे. पण पोलिस न येताही माणसाचं बरंच काही बंद पडतं. नोंदणी झाली की करखात्याकडून एक अकरा आकडी ओळख क्रमांक टपालाने घरी येतो. तिकडे त्याला टॅक्स आयडी म्हणतात. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्तही. तो क्रमांक नोकरीच्या ठिकाणी वेळेत पोचला नाही, तर पगारावर सगळ्यांत चढ्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. पुढे हिशेब होऊन पैसे परत मिळतात, पण नव्या देशातल्या पहिल्याच पगाराला असा चिमटा बसला की मुलगी पुन्हा तुम्हालाच फोन करणार. अनेक बँका खातं उघडताना नोंदणीचा कागद मागतात. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे तिचा व्हिसा. इकडून मिळालेला व्हिसा ठरावीक महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत तिला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेतून, राहण्याचा परवाना घ्यावा लागेल. ते कार्यालय वेगळं आणि नोंदणीचं वेगळं. बरीच मुलं एका ठिकाणी जाऊन आलो म्हणजे झालं असं समजतात. परवान्याचा अर्ज करताना पहिल्या काही कागदांत नोंदणीचा कागद मागतात, आणि त्या कार्यालयाच्या तारखा लवकर मिळत नाहीत. इथे तीन महिने घालवले तर तिथे धावपळ ठरलेली.

"तीन महिने चालतं" हे त्या मुलाने मनाने रचलेलं नाही. कायद्यात तशी सवलत आहे, पण ती पाहुण्यांसाठी. ज्याचं घर परदेशातच आहे आणि जो थोड्या दिवसांसाठी आला आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत नोंदणी करावी लागत नाही. तुमची मुलगी नोकरी करायला, राहायला गेली आहे. महिन्याचं भाडं देते आहे. ती पाहुणी नाही. मित्रमंडळींच्या तोंडून आलेल्या माहितीत बहुतेक वेळा असाच अर्धा भाग खरा असतो, म्हणून तर ती पटते.

तो मुलगा वाईट आहे असं मात्र मला वाटत नाही. त्याची भीती खरी असणार. घर त्याच्या मालकीचं नाही, तो स्वतः भाडेकरू आहे. जर्मनीत भाडेकरूला घरातली खोली दुसऱ्याला भाड्याने द्यायची असेल तर मूळ मालकाची परवानगी लागते. ती न घेता दिली तर मालक लेखी ताकीद देऊ शकतो, प्रकरण घर सोडायला लावण्यापर्यंतही जाऊ शकतं. नोंदणीसाठी जी सही लागते ती मूळ मालकाचीच पाहिजे असं नाही. खोली ज्याने दिली तोही सही करू शकतो, म्हणजे हाच मुलगा. पण त्या कागदावर मूळ मालकाचं नाव लिहायचा रकाना असतो. तिथे त्याचं पाऊल अडलं असावं. वडिलांनी शब्द टाकला म्हणून त्याने खोली दिली, मालकाला विचारायचं राहून गेलं, आणि आता विचारायची पंचाईत. माझा आपला अंदाज.

ह्याला सरळ रस्ता आहे. त्याने मालकाला आता विचारावं. घर घेतल्यानंतर भाडेकरूला काही वाजवी गरज निर्माण झाली, उदाहरणार्थ घरखर्चाला हातभार, तर घराचा एखादा भाग पोटभाड्याने द्यायची परवानगी मालकाला सहसा नाकारता येत नाही, असं तिथला कायदा सांगतो. घरात फारच गर्दी होत असेल किंवा येणाऱ्या माणसाबद्दल काही गंभीर आक्षेप असेल तर गोष्ट वेगळी. एका नोकरदार मुलीबद्दल आक्षेप घेण्यासारखं फारसं नसतं. आणि ही सही त्याने हौसेने द्यायची गोष्ट नाही. खोली देणाऱ्याने ती दिलीच पाहिजे, न दिल्यास त्यालाही दंड होऊ शकतो. राहणाऱ्याला सही मिळत नसेल तर त्याने ते कार्यालयाला कळवायचं, असंही कायद्यात आहे. पण हे हत्यार मी लगेच काढणार नाही, तुम्हीही काढू नका.

फोन मुलीने करायचा नाही. तुमच्या ह्यांनी करायचा.

कारण ओळख तुमची आहे, उपकारही तुमच्यावर आहेत, मुलीवर नाहीत. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, परक्या देशात, ज्याच्या घरात राहते त्याच्याच समोर उभी राहून कायदा सांगणार, आणि मग रात्री त्याच स्वयंपाकघरात जाऊन स्वतःची पोळी भाजणार, हे तिला जमत नाही म्हणून ती रडते आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड तुमची आहे, आणि तिची किंमत मात्र तिच्या पगारातून आणि परवान्यातून जाणार आहे.

आणखी एक. फोन मित्राला करू नका, थेट त्या मुलाला करा. मित्राला केलात की ती तक्रार होते. तो दुखावतो, मग मुलाला ओरडतो, मुलगा घरी येऊन तुमच्या मुलीशी तुटक वागतो, आणि साध्या सहीची भावकी होऊन बसते. मुलाशी बोलताना कायद्याची कलमं नकोत. साधारण असं बोलता येईल: "अरे, तू पोरीला आसरा दिलास, आम्ही विसरणार नाही. पण तिच्या कंपनीला आणि व्हिसाला हा कागद लागतो आहे, त्याशिवाय तिचं अडतं. तू मालकाला विचारू शकशील का? तुला अडचण असेल तर मोकळेपणाने सांग, ती दुसरी खोली बघेल. त्यात आम्हाला काडीचंही वाईट वाटणार नाही." एवढंच. 'तुला दंड होईल' हे वाक्य पोटात ठेवा. तिकडची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. रविवारी दुपारी दोन-तीनच्या सुमारास केलात तर तो घरी असेल. रविवारी तिकडे दुकानंसुद्धा बंद असतात, त्यामुळे 'बाहेर आहे काका, नंतर करतो' म्हणायची सोय कमी.

तो नाही म्हणाला तर? मग खोली बदलायची, आणि ती गोष्ट लांबवायची नाही. मुलीने आधी कंपनीच्या एचआरला विचारावं. परदेशातून माणसं बोलावणाऱ्या कंपन्यांना ही अडचण पाठ असते आणि सुरुवातीला राहायच्या जागा त्यांच्या माहितीत असतात. जाहिराती बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, 'इथे आनमेल्डुंग होईल का?' हा हवा. खोली महाग पडली तरी चालेल, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. नव्या घरात गेल्यावर तिथले दोन आठवडे तिथून धरतात. मधल्या काळात काही दिवस इकडेतिकडे झाले तर बहुतेक वेळा कार्यालयात समज देण्यावर भागतं. पण अपॉइंटमेंट मागितल्याचा ईमेल, मालकाशी झालेले मेसेज, हे सगळं जपून ठेवायचं. टाळाटाळ तिची नव्हती हे दिसलं पाहिजे.

एक रस्ता मात्र कुणी सुचवला तरी धरू नका. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरच्या गटांत पैसे घेऊन नुसता पत्ता आणि सही देणारे भेटतात. म्हणजे राहायचं एकीकडे, नाव दुसरीकडे. आपलेच लोक आपल्या लोकांना हे विकतात, त्याचा मला जास्त राग येतो. असा खोटा पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड सांगितला आहे, आणि तो वापरणाराही अडचणीत येतो. शिवाय तिचं सगळं सरकारी टपाल त्या अनोळखी माणसाच्या पेटीत पडणार.

आता सही मिळाली असं धरून पुढचं सांगते. जायचं कुठे, तर ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे त्या नोंदणी कार्यालयात. काही गावांत नाव थोडं वेगळं असतं, काम तेच. मोठ्या शहरांत त्याच्या अनेक शाखा असतात आणि शहरात राहणाऱ्याला सहसा त्यातल्या कुठल्याही शाखेत जाता येतं. आपल्या महापालिकेचे दहा झोन आणि 'तुमचं धंतोलीत नाही, लक्ष्मीनगरात या' असा प्रकार तिथे बहुधा नाही. त्यामुळे घराजवळच्या शाखेची तारीख मिळेना तर शहराच्या दुसऱ्या टोकाची घ्यावी. रद्द झालेल्या वेळा मधेच मोकळ्या होतात, म्हणून सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास साइट पुन्हा बघायची. परदेशातून पहिल्यांदा आलेल्याने प्रत्यक्षच जायचं असं धरून चला.

सोबत पासपोर्ट, त्यातला व्हिसा, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याचा सही केलेला कागद. ह्या कागदाचं जर्मन नाव, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, अजनीहून सुटलेल्या मालगाडीएवढं लांब आहे, कागद मात्र एका पानाचा. घराचा भाडेकरार नेला तर त्याच्याऐवजी तो चालत नाही, हे तिला मुद्दाम सांगा. आपल्याकडचे लोक स्टॅम्पपेपरवरचा करार म्हणजे सर्वश्रेष्ठ समजतात आणि नेमके तिथून परत येतात. काम होतं दहा-पंधरा मिनिटांत, फी सहसा नसते, आणि नोंदणीचा कागद तिथेच हातात मिळतो. त्याची दोन-तीन ठिकाणी गरज पडते, घरी आल्याआल्या स्कॅन करून तुम्हालाही एक प्रत पाठवू दे.

तुमची मुलगी एकटी आहे म्हणून सुटलं. नवरा किंवा मुलं सोबत नेणाऱ्यांना विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले लागतात, बहुतेक वेळा अधिकृत भाषांतरकाराकडून केलेल्या जर्मन भाषांतरासह. लग्नाची नोंद तिथे झाली नाही तर कराच्या हिशेबात माणूस अविवाहितच धरला जातो. दाखले इथूनच नीट करून न्यावेत. जुन्या जन्मदाखल्यांत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' आणि आईबापाची नावं. महापालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन नाव घातलेला नवा दाखला काढायला वेळ लागतो, आणि परदेशातून ते काम करून घेणं म्हणजे कुणातरी भाच्याला चार हेलपाटे. त्या भाच्याची दया करा.

अर्ज भरताना नावाची एक गंमत होते. आपल्या पासपोर्टात मुलीच्या नावापुढे बापाचं नाव असतं आणि दोन्ही मिळून 'गिव्हन नेम' होतं. जर्मन कारकुनाला मधलं नाव वडिलांचं, ही कल्पनाच नसते. तो दोन्ही तिचीच नावं धरतो. मग बँकेपासून विम्यापर्यंत सगळीकडे ती स्वतःचं आणि बाबांचं अशी दोन पहिली नावं घेऊन वावरते. हे बदलायच्या भानगडीत पडू नये. पासपोर्टात जसं आहे तसंच्या तसं सगळीकडे लिहावं. एका ठिकाणी बाबांना गाळलं आणि दुसरीकडे घातलं की दोन माणसं तयार होतात, आणि ती एकच आहेत हे पटवत बसावं लागतं.

त्याहून महत्त्वाची आहे ती पत्रपेटी. जर्मनीत सरकार अजून टपालाने बोलतं. टॅक्स आयडी, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, परवान्याची तारीख, सगळं पाकिटातून येतं. आणि तिथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, बहुतेक इमारतींत तो नसतोच. तो पेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर नाव नसेल तर पाकीट आल्या पावली परत. आपल्या ओळखीतल्या एका मुलाची नोंदणी अगदी वेळेत झाली होती. कागद हातात, सगळं व्यवस्थित. पेटीवर फक्त घरवाल्याचं आडनाव होतं, आणि टॅक्स आयडीचं पत्र परत गेलं. पुन्हा मागवण्यात आणखी काही आठवडे. तेव्हा सही मिळेल त्याच दिवशी तिने आपलं आडनाव पेटीवर आणि दाराच्या बेलवर चिकटवायचं. कागदाचा तुकडा आणि सेलोटेप पुरते. त्या मुलाने सही दिली पण पेटीवर नाव लावू दिलं नाही, तर ती सही अर्धीच म्हणायची.

धर्माच्या रकान्याबद्दल तुम्ही विचारलंत. तो कशासाठी असतो हे कळलं की काळजी उरत नाही. जर्मनीत चर्चचा कर सरकार आयकराबरोबरच गोळा करतं, म्हणून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कोण हे त्यांना हवं असतं. फ्रँकफर्ट ज्या हेसेन राज्यात आहे तिथे हा कर आयकराच्या 9 टक्के आहे. पगाराच्या नव्हे, आयकराच्या. ह्यात लोकांची फार गल्लत होते. बायर्न आणि बाडेन-वुर्टेंबर्ग ह्या दोन राज्यांत 8 टक्के. हिंदू, बौद्ध, शीख, मुसलमान असाल तर ह्या कराशी संबंध नाही, रकाना रिकामा ठेवला किंवा 'नाही' लिहिलं तरी चालतं. नागपुरातल्या ख्रिस्ती वाचकांनी मात्र इथे थांबून वाचावं. बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक माणसाने तिथे 'कॅथलिक' लिहिलं की कर सुरू होतो, आणि नंतर तो थांबवायचा तर चर्चमधून रीतसर नाव काढावं लागतं. तिथल्या चर्चच्या कामांना ह्या पैशाचा मोठा आधार असतो, त्यामुळे देणारे आनंदाने देतातही. फक्त काय लिहितो आहोत हे कळून लिहावं. खोटं मात्र लिहू नये.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत तिच्या नावावर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी येतं, आणि बहुतेक मुलं ते फसवणुकीचं समजून टाकून देतात. ते खरं असतं. वर्गणी महिन्याला 18.36 युरो, पण ती दर घराला एकच, माणशी नव्हे. तो मुलगा भरतच असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवून तिने मोकळं व्हायचं. हिच्या नोंदणीने आपली वर्गणी वाढेल अशीही धास्ती त्याला असू शकते, तेव्हा फोनवर हेही सहज कानावर घालता येईल.

हे सगळं जर्मनीचं झालं. तुमचा पुतण्या किंवा शेजारचा कुणी अमेरिकेत असेल तर तो म्हणेल, आम्हाला असलं काही करावं लागलं नाही, आणि तो खोटं बोलत नाही. तिथे नगरपालिकेत अशी नोंद नसते, फक्त पत्ता बदलला की 10 दिवसांत इमिग्रेशन खात्याला ऑनलाइन कळवायचं. ऑस्ट्रियात उलट तीनच दिवस मिळतात, नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला पाच दिवस, जपानमध्ये 14. ज्या देशात जायचं त्या गावाच्या नगरपालिकेची साइट बघावी, भाऊ दुसऱ्या देशात काय करतो ते नव्हे. आणि जर्मनी कायमची सोडून परत यायची वेळ आली तर नाव काढूनही यायचं. निघायच्या आठवडाभर आधीपासून ते करता येतं. न काढता आलेल्यांना मागाहून विमा आणि वर्गणीची बिलं येत राहतात.

राहिला तुमचा मे महिना. तुम्ही दोघं पाहुणे, दोनच महिन्यांसाठी जाणार, तेव्हा ती तीन महिन्यांची सवलत खरोखर तुमच्यासाठी आहे. तुम्हाला नोंदणी नको. पण तुमचा व्हिसा आणि तिची नोंदणी एका ठिकाणी येऊन भिडतात. आईवडिलांच्या खर्चाची हमी मुलीने द्यायची असेल तर ते हमीपत्र तिच्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून मिळतं, आणि ती तिथे नोंदलेली असेल तरच. बँकेत तुमचे स्वतःचे पैसे दाखवून अर्ज करणार असाल तर गोष्ट वेगळी. तरी राहणार कुठे हा प्रश्न येतोच, आणि मित्राच्या मुलाच्या घरातली बिननावाची खोली हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे तुम्हाला लागणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. तो घेताना स्वस्त कोणता हे नंतर बघा. आधी एजंटला स्पष्ट विचारा की हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आधीच्या आजारासाठी त्यात काय मिळतं, आणि ते लेखी घ्या. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत काहीच मिळत नाही. ह्यांच्या रोजच्या गोळ्या दोन महिन्यांना पुरतील एवढ्या इथूनच न्या, हातातल्या बॅगेत, आणि डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा.